नाटोच्या नकाशात गोव्याचा रंग कोणता?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. पायथन ही संगणकभाषा गेल्या वर्षी जुजबी शिकले असून नाटो (अमेरिका व पश्चिम युरोपीय देशांची लष्करी युती) आणि वॉर्सा करार (सोव्हिएत गटाची युती) यांचा विस्तार वर्षागणिक दाखवणारा नकाशा विद्यार्थ्यांसाठी स्वतः तयार करावा, अशी इच्छा आहे. पहिल्या प्रयत्नात फ्रान्स आणि नॉर्वे कोरेच राहिले. शिवाय एका विद्यार्थिनीने विचारले, की पोर्तुगाल 1949 पासून नाटोत होता, तर मुक्तीपूर्वीचा गोवाही नाटोच्या रंगात दाखवायचा का? मला उत्तर देता आले नाही. — एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आधी घेतो, कारण असा नकाशा करताना मुळात जे समजून घ्यावे लागते ते सारे त्यात आले आहे. पोर्तुगाल नाटोच्या 12 संस्थापक सदस्यांपैकी एक होता आणि 1951 साली तिथल्या हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने घटनेत बदल करून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली होती. परंतु कराराच्या सहाव्या कलमाने परस्पर संरक्षणाचे क्षेत्र आधीच आखून दिले होते : सदस्यांचा युरोप व उत्तर अमेरिकेतील प्रदेश, तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेला अल्जीरिया, आणि उत्तर अटलांटिकमधील कर्कवृत्ताच्या उत्तरेकडची बेटे. अझोर्स व मदैरा ही बेटे या क्षेत्रात येत होती. अंगोला, मोझांबिक आणि गोवा येत नव्हते. त्यामुळे 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगालच्या मदतीला धावून जाण्याचे बंधन या करारामुळे कोणावरही येत नव्हते. तेव्हा गोवा नाटोच्या रंगात रंगवू नये, आणि का रंगवला नाही हे नकाशाखाली दोन ओळींत अवश्य लिहावे.

हाच घोटाळा आजच्या नकाशांतही होतो. नॅचरल अर्थ या नकाशांच्या मोफत संचातील देशांच्या फाइलमध्ये दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना हा फ्रान्सच्याच आकृतीचा भाग आहे. फ्रान्सला रंग दिला, की ब्राझीलच्या शेजारी नाटोचा ठिपका उमटतो. त्याच संचात देशांचे उपविभाग वेगळे केलेली फाइलही मिळते, ती वापरावी.

आता फ्रान्स आणि नॉर्वे यांच्याविषयी. आपण बहुधा याच संचातील ‘आयएसओ_ए3’ हा रकाना वापरून सदस्यांची यादी जोडली असावी. त्या रकान्यात या दोन देशांपुढे तीन अक्षरी संकेताऐवजी उणे 99 असा आकडा आहे, म्हणून जोडणी होत नाही आणि संगणक कोणतीही चूक न दाखवता पुढे जातो. ‘आयएसओ_ए3_ईएच’ या रकान्यात त्यांचे संकेत नीट दिलेले आहेत. उपविभागांच्या फाइलमध्येही जोडणीपूर्वी संकेतांचे रकाने तपासून घ्यावेत. जोडणी केल्यावर किती सदस्य जुळले ते दर वेळी मोजावे. आजच्या नाटोसाठी ती संख्या 32 आली पाहिजे. देशांच्या नावांवरून जोडणी मात्र कधीही करू नये, कारण तुर्कस्तानसारख्या एकाच देशाची दोन-तीन नावे प्रचारात असतात. जुन्या धड्यांमध्ये जिओपांडाज या पायथनच्या नकाशा-साधनातच असलेला जगाचा नकाशा वापरलेला दिसतो. 2024 मधील 1.0 आवृत्तीपासून तो काढून टाकला आहे, त्यामुळे फाइल स्वतंत्रपणे उतरवून घ्यावी लागते.

सर्वांत जास्त वेळ सदस्यांच्या तक्त्याला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक नवशिके दर देशाला एक ओळ देतात आणि तिथेच अडतात. ओळ देशाची नसावी, सदस्यत्वाची असावी : देश, करार, कधीपासून, कधीपर्यंत. अल्बानिया 1955 मध्ये वॉर्सा करारात आला, 1968 मध्ये बाहेर पडला आणि 2009 मध्ये नाटोत दाखल झाला. त्याला दोन ओळी लागतील. फ्रान्स 1966 मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर पडला, परंतु करारातून नाही. त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा. तारखांचाही निर्णय आधीच करावा, कारण नाटो करारावर सह्या 4 एप्रिल 1949 रोजी झाल्या आणि तो 24 ऑगस्टला अमलात आला. पूर्व जर्मनी किंवा चेकोस्लोव्हाकिया आजच्या सीमांच्या फाइलमध्ये सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी सीशेप्स हा 1886 पासूनच्या बदलत्या सीमांचा संच आहे.

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची पद्धत, मर्केटर नसावे. त्यात सुमारे 21.7 लाख चौरस किलोमीटरचे ग्रीनलंड 32.9 लाख चौरस किलोमीटरच्या भारताहून कितीतरी मोठे दिसते, आणि डेन्मार्कमुळे ते नाटोच्या रंगात येत असल्याने युती आहे त्याहून अवाढव्य भासते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेले इक्वल अर्थ हे समक्षेत्र (क्षेत्रफळांचे प्रमाण राखणारे) प्रक्षेपण वर्गासाठी उत्तम आहे.

प्रश्न : बाणावलीत 2016 साली ब्रिक्सची आणि 2023 साली शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. या संघटनांतील भारताचे सदस्यत्व त्याच नकाशात दाखवावे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : वेगळ्या नकाशात दाखवावे. एका सदस्यावर हल्ला झाला तर इतरांनी त्याच्या बचावासाठी उभे राहावे, असे बंधन या दोन्ही संघटनांत नाही. शांघाय संघटनेत तर 2017 पासून भारत आणि पाकिस्तान दोघेही सदस्य आहेत. युतीच्या करारांचा अभ्यास करणारा ॲटॉप हा संच 1815 पासूनचे करार संरक्षण, आक्रमण, तटस्थता, अनाक्रमण आणि विचारविनिमय अशा बंधनांनुसार विभागतो, आणि हा विभाग आपल्या तक्त्यातही असावा. 9 ऑगस्ट 1971 चा भारत-सोव्हिएत करार याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या नवव्या कलमात हल्ला झाल्यास तातडीने विचारविनिमय करण्याचे आणि दुसऱ्याच्या शत्रूला मदत न करण्याचे वचन आहे, सैन्य पाठवण्याचे नाही. तो दाखवायचा असेल तर भरीव रंग देऊ नये, तिरप्या रेषा द्याव्यात. भारताची सीमा मात्र कोणत्याही परदेशी फाइलमधून जशीच्या तशी छापू नये. ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळवून घ्यावी, कारण विसंगत नकाशा प्रसिद्ध करणे हा 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. नॅचरल अर्थच्या 1 : 1 कोटी प्रमाणाच्या संचात भारताच्या भूमिकेनुसार आखलेली स्वतंत्र फाइल आहे, तिच्यापासून सुरुवात केली तर हे काम पुष्कळ हलके होते.