मोटरहोमच्या मैला टाकीचा व्हॉल्व्ह ठिबकत असेल, तर केवळ सील बदलावे की पूर्ण व्हॉल्व्ह?

आपण निपाणीहून विचारले आहे की, जुन्या घेतलेल्या अमेरिकी बनावटीच्या मोटरहोमच्या निचरा-नळीचे टोपण काढताच घाण पाणी ठिबकते, तर केवळ रबरी सील बदलून भागेल का. माझ्या मते सील आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकदमच बदलावेत. व्हॉल्व्ह ज्यांच्या मध्ये बसतो त्या दोन फ्लँजना (पाइपच्या टोकांच्या रुंद कडांना) जोडणारे बोल्ट चारच असतात. ते खोलण्याचे किळसवाणे काम एकदा केल्यावर व्हॉल्व्हचे झिजलेले पाते पुन्हा त्याच जागी बसवण्यात अर्थ नाही.

या गाड्यांत मैल्याच्या टाकीला ३ इंची आणि मोरीच्या सांडपाण्याच्या टाकीला बहुधा दीड इंची, सरकत्या पात्याचा व्हॉल्व्ह असतो. पात्याच्या खाचेत कागद, केस किंवा वाळलेला मैला अडकला की पाते शेवटपर्यंत जात नाही आणि गळती सुरू होते. म्हणून प्रथम टाकीत भरपूर पाणी घालून पाते ओढण्याचा दांडा पुन्हापुन्हा मागेपुढे करून पाहावा. कधी कधी तेवढ्यानेच ठिबकणे थांबते.

थांबले नाही, तर दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करून धुवाव्यात. मैला आधी आणि सांडपाणी नंतर सोडावे, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे पाणी परवानगी घेऊन एखाद्या सेप्टिक टाकीतच सोडावे, ओढ्यात किंवा रानात नव्हे. आपल्या भागातून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या गाड्या जांबोटी-कणकुंबीच्या झाडीत थांबतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो: कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे आणि सौंदत्तीजवळच्या धरणातून याच नदीचे पाणी हुबळी-धारवाडच्या घराघरांत पिण्यासाठी जाते.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत, हातमोजे व चष्मा घालावा, खाली पसरट घमेले ठेवावे आणि जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नये, कारण टाकीत ज्वलनशील वायू साचतो. बोल्ट गंजले असतील तर ते कापून काढावेत, पण फ्लँजला धक्का लागू देऊ नये, कारण तो पाइपला कायमचा चिकटवलेला असतो. नवे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात साधे बोल्ट लवकर गंजतात आणि पुढच्या खेपेस तेच काम अडवतात. फ्लँजची दोन्ही तोंडे पुसून कोरडी व गुळगुळीत करावीत.

सर्वांत नाजूक काम सील बसवण्याचे आहे. दोन्ही बाजूंची सील आपापल्या खोबणीत नीट बसली पाहिजेत. व्हॉल्व्ह मध्ये सरकवताना एखादे सील दुमडले, तर नवा व्हॉल्व्हही गळतो. पाइपचा आधार थोडा सैल केला की दोन फ्लँजमध्ये पुरेशी फट मिळते. सिलिकॉन ग्रीस लावावे; गाडीचे साधे ग्रीस रबर फुगवते, तर सीलच्या जागी चिकट सीलंट भरल्यास पुढच्या वेळी जोड उघडणेच कठीण होते. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत. अति आवळल्यास प्लास्टिक तडकते.

व्हॉल्व्ह खरेदी करताना जुना सोबत न्यावा. अमेरिकी ३ इंची पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ८९ मिमी असतो, आपल्याकडे मिळतो तो ९० मिमीचा. शिवाय त्यांचे पाइप बहुधा एबीएस या प्लास्टिकचे, आपले पीव्हीसीचे, आणि दोहोंचे सॉल्व्हंट (पाइप चिकटवण्याचे द्रव) वेगळे. म्हणून बोल्टने जुळणारा तसाच व्हॉल्व्ह मागवावा, नवा पाइप चिकटवण्याच्या फंदात पडू नये.

शेवटी टाकीत स्वच्छ पाणी भरून, टोपण काढून, रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा ठेवावा. सकाळी तो ओला दिसला आणि आपल्या गाडीचा व्हॉल्व्ह लांबून केबलने ओढण्याचा असेल, तर सीलला दोष देण्याआधी ती केबल तपासावी. ती ताणली किंवा वाकली असल्यास दांडा पूर्ण आत गेलेला दिसतो, पण पाते थोडे उघडेच राहते.