‘महाधिवक्त्याला मत कशाला द्यायचे?’ : ॲटर्नी जनरल या पदाचे मराठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्या एका वाचकाने नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीआधी आपल्या आईसाठी नमुना मतपत्रिकेचे मराठीकरण केले होते. आई महाराष्ट्रात सरकारी नोकरी करून निवृत्त झालेल्या, अमेरिकेचे नागरिकत्व नुकतेच मिळालेले, आणि तिथल्या मतदानाची त्यांची ही पहिलीच खेप. अध्यक्ष आणि सिनेटर यांच्यानंतर मतपत्रिकेवर ॲटर्नी जनरल हे पद होते. मुलाने तेथे ‘महाधिवक्ता’ असे लिहिले. आईने ते वाचून विचारले, ‘महाधिवक्त्याला मत कशाला द्यायचे? त्यांना राज्यपाल नेमतात ना?’ हा शब्द चुकला का, असा वाचकाचा पहिला प्रश्न आहे. आणि ‘स्टेटवाइड इलेक्शन’ला ‘राज्यव्यापी निवडणूक’ म्हणावे का, हा दुसरा.

आईंची शंका रास्त आहे, किंबहुना या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांनीच देऊन टाकले आहे. महाधिवक्ता हा शब्द केवळ एका मोठ्या वकिलाचे वर्णन करीत नाही. तो आपल्या संविधानाने घडवलेल्या एका नेमक्या पदाचे नाव आहे. अनुच्छेद ७६मधील ॲटर्नी जनरल म्हणजे भारताचा महान्यायवादी. त्याला राष्ट्रपती नेमतात. अनुच्छेद १६५मधील ॲडव्होकेट जनरल म्हणजे राज्याचा महाधिवक्ता. त्याला राज्यपाल नेमतात, आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. मोतीलाल सेटलवाड हे आधी मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल होते आणि १९५०मध्ये भारताचे पहिले ॲटर्नी जनरल झाले, म्हणजे आजच्या परिभाषेत महाधिवक्त्याचे महान्यायवादी झाले. दोन्ही वेळा त्यांना कोणाकडेही मत मागावे लागले नाही. मराठी वाचकाच्या मनात या दोन्ही शब्दांना ‘नेमणूक’ जन्मापासून चिकटलेली आहे.

अमेरिकेत ही दोन नावांची सोय नाही. वॉशिंग्टनमधला तो ॲटर्नी जनरल आणि राज्यातला तोही ॲटर्नी जनरल. त्यामुळे अनुवादक पातळी पाहून शब्द वाटतो : केंद्राच्या पदाला महान्यायवादी, राज्याच्या पदाला महाधिवक्ता. ही वाटणी वरवर सुबक दिसते आणि त्यामागे कारणही आहे, कारण राज्याच्या वतीने न्यायालयात उभे राहणे हे काम दोन्हीकडे समान आहे. परंतु पातळी जुळली म्हणजे पद जुळले असे होत नाही, आणि ज्या राज्याची मतपत्रिका या वाचकासमोर होती त्या राज्यातच ते सर्वात स्पष्ट दिसते.

पेन्सिल्व्हेनियात ॲटर्नी जनरल पूर्वी गव्हर्नर नेमत असत. १९७८मध्ये तेथील राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि १९८०मध्ये मतदारांनी प्रथमच हे पद भरले. आता एक अडचण उभी राहिली. गव्हर्नर लोकांनी निवडलेला, ॲटर्नी जनरलही लोकांनी निवडलेला, कदाचित विरुद्ध पक्षाचा. मग गव्हर्नरने रोजचा कायदेशीर सल्ला कोणाकडून घ्यायचा? म्हणून त्याच १९८० साली कायदा करून ‘जनरल काउन्सेल’ हे वेगळे पद निर्माण करण्यात आले. त्याला गव्हर्नर नेमतात आणि तो गव्हर्नरला व त्यांच्या खात्यांना सल्ला देतो. नेमणूक आणि सल्ला या दोन खुणांवरून पाहिले तर आपल्या महाधिवक्त्याशी अधिक नाते या दुसऱ्या पदाचे आहे. म्हणजे ‘महाधिवक्ता’ हा शब्द पेन्सिल्व्हेनियात न्यायचाच असेल, तर तो मतपत्रिकेवर नसलेल्या माणसाला अधिक शोभतो.

पन्नासांपैकी ४३ राज्यांत हे पद थेट मतदानाने भरले जाते. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशर, न्यू जर्सी आणि वायोमिंग या पाच राज्यांत गव्हर्नर नेमतात, मेनमध्ये विधिमंडळ निवडते, आणि टेनेसीत तर राज्याचे सर्वोच्च न्यायालयच नेमणूक करते. तेव्हा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने आपल्या ॲटर्नी जनरलला महाधिवक्ता म्हटले तर मी फारशी हरकत घेणार नाही. नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियात आले की मात्र घेईन.

आता मूळ शब्दाकडे वळतो, कारण खरी गंमत तेथे आहे. ‘ॲटर्नी’ हा जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘आपल्या जागी नेमलेला’. ‘जनरल’ हे येथे विशेषण आहे आणि फ्रेंच वळणाप्रमाणे ते नामाच्या मागे येऊन बसले आहे. म्हणून इंग्रजीत अनेकवचनाचा प्रत्यय ‘ॲटर्नी’ला लागतो, ‘जनरल’ला नाही. या जनरलचा सैन्याशी संबंध नाही, तरी अमेरिकेत या अधिकाऱ्यांना तोंडावर ‘जनरल’ म्हणून हाक मारण्याची पद्धत आहे आणि तेथील भाषाप्रेमी त्यावर नाक मुरडतात. आपण मराठीत ‘जनरलसाहेब’ म्हणू लागू नये एवढीच अपेक्षा.

म्हणजे ‘ॲटर्नी जनरल’ याचा अक्षरशः अर्थ काय झाला? एखाद्या ठरावीक कामापुरता नव्हे, तर सर्व कामांसाठी नेमलेला प्रतिनिधी. या अर्थाचा शब्द मराठीत आधीपासून आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्या वाचकाच्या घरातील कपाटात तो बहुधा मुद्रांक कागदावर छापलेलाही असेल : कुलमुखत्यार. परदेशात स्थायिक झालेला मराठी माणूस पुण्यातला फ्लॅट विकायला भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावे जे कुलमुखत्यारपत्र करून देतो, त्याचे इंग्रजी नाव ‘जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी’ असेच आहे. त्या दस्ताच्या शेवटी, कुलमुखत्याराने केलेली कृत्ये मी स्वतः केली असे समजावे, अशा आशयाचे वाक्य असते. पेन्सिल्व्हेनियाचा ॲटर्नी जनरल नेमके हेच करतो, फक्त त्याचा मुखत्यारनामा एका भावाने नव्हे तर सगळ्या राज्याने लिहून दिलेला असतो.

शब्दाचे दोन्ही अवयव अरबी आहेत. यातला ‘कुल’ घराण्याचा नव्हे, जरी तसा समज पुष्कळांचा असतो. तो ‘सर्व’ या अर्थाचा, जुन्या इनामी सनदांतील ‘कुलबाब कुलकानू’मधला ‘कुल’ आहे. आणि ‘मुखत्यार’ ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ आहे ‘निवडलेला’. त्याच धातूपासून ‘अखत्यार’ आला, जो आपण ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’ या सरकारी वाक्यात रोज वापरतो. म्हणजे पाहा, इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘नेमलेला’ आहे आणि त्या पदाला लोक निवडून देतात. मराठी शब्दाच्या पोटात ‘निवडलेला’ आहे आणि आपण त्याची नेमणूक दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अंगठा उमटवून करतो.

इतके सगळे जुळूनही ‘राज्याचा कुलमुखत्यार’ असे मतपत्रिकेवर लिहावे असे मी सुचवणार नाही. आज हा शब्द जमिनीच्या व्यवहाराला बांधला गेला आहे, आणि आईंनी लगेच ‘कोणाचा फ्लॅट?’ असे विचारले असते. समजावून सांगायला मात्र त्याच्याइतका चांगला शब्द नाही.

‘जनरल’चे मराठी एकच करता येत नाही, हे येथे ओघाने सांगितले पाहिजे. जुन्या मराठीने फारसी ‘सर’ वापरला, आणि सरनोबत, सरसुभेदार यांच्याच ओळीत पुढे सरचिटणीस आला. हिंदीत महासचिव असतो, आपल्याकडे अजूनही सरचिटणीस टिकून आहे याचे मला मनापासून बरे वाटते. नंतरच्या पदनामांनी ‘महा’ धरला : महासंचालक, महाव्यवस्थापक, पोलीस महानिरीक्षक. मुखत्यारीला ‘कुल’ लागला. आणि ज्या निवडणुकीबद्दल आपण बोलत आहोत ती स्वतः ‘जनरल इलेक्शन’, म्हणजे सार्वत्रिक निवडणूक. एकाच मतपत्रिकेवर एकाच इंग्रजी शब्दाला इतकी मराठी रूपे घ्यावी लागतात.

मग महान्यायवादी चालेल का? मला तो शब्द मुळातच आवडत नाही. मराठी कानाला त्यातला ‘वादी’ समाजवादी, गांधीवादी यांच्या पंगतीतला वाटतो, जणू न्यायवाद नावाचा काही पंथ आहे आणि हे त्याचे महंत. वर्तमानपत्रेही भारताच्या पदासाठी बहुधा ‘ॲटर्नी जनरल’ असेच छापतात, ते उगाच नाही. मात्र ‘वादी’चा कोर्टातला अर्थ, म्हणजे दावा लावणारा, घेतला तर अमेरिकी राज्यांच्या ॲटर्नी जनरलला तो चपखल बसतो. १९९४मध्ये मिसिसिपीचे ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. धूम्रपानाने आजारी पडलेल्यांच्या उपचारांवर राज्याचा जो पैसा खर्च होतो तो कंपन्यांनी भरावा, अशी त्यांची मागणी होती. मागोमाग इतर राज्ये आली, आणि १९९८मध्ये ४६ राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपन्यांनी पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. आपला महाधिवक्ता सरकारची बाजू मांडतो. हा अधिकारी जनतेच्या नावाने स्वतः होऊन दावे लावतो, आणि त्यावर पुढच्या निवडणुकीत मते मागतो. ‘ए. जी. म्हणजे ॲस्पायरिंग गव्हर्नर’, गव्हर्नर होऊ पाहणारा, असा विनोद अमेरिकेत रूढ आहे तो यामुळेच. पेन्सिल्व्हेनियातच जॉश शपिरो २०१६ आणि २०२०मध्ये ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आले आणि २०२२मध्ये गव्हर्नर म्हणून.

शब्द कोणताही निवडा, रूपे नीट चालवा. ‘महाधिवक्तांनी’, ‘महाधिवक्ताची’ अशी रूपे बातम्यांत सर्रास दिसतात. ती चूक आहेत. वक्ता, वक्त्याने, वक्त्यांनी, तसेच महाधिवक्त्याने, महाधिवक्त्यांची. स्त्री असेल तर संस्कृतप्रमाणे ‘महाधिवक्त्री’ होईल, पण प्रवक्त्या रूढ असताना महाधिवक्त्या म्हणणे अधिक मराठी आहे. पदाचे नाव करताना ‘विरोधी पक्षनेतेपद’ डोळ्यांसमोर ठेवावे, म्हणजे ‘महाधिवक्तेपद’ आपोआप सुचेल. महाधिवक्तृपद व्याकरणशुद्ध असले तरी ते उच्चारताना जीभ अडखळते.

आता ‘राज्यव्यापी’. हा शब्द मराठीत पसरण्याच्या अर्थाने येतो : राज्यव्यापी संप, राज्यव्यापी दौरा. ‘राज्यव्यापी निवडणूक’ म्हटले की जिल्हा परिषदांची निवडणूक डोळ्यांपुढे येते, जी सगळीकडे होते पण जिचे निकाल गटागटांत वेगवेगळे लागतात. ‘राज्यस्तरीय’ म्हटले तर कबड्डी स्पर्धा आठवते. येथे मुद्दा पसरण्याचा किंवा पातळीचा नाही. सगळे राज्य हा एकच मतदारसंघ आहे, हा मुद्दा आहे. पेन्सिल्व्हेनियातील ६७ काउंट्यांची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची, मते एकाच बेरजेत जातात. कमला हॅरिस २०१०मध्ये कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आल्या तेव्हा सगळ्या राज्याच्या त्या बेरजेत त्यांचा आणि प्रतिस्पर्धी स्टीव्ह कूली यांचा फरक एक टक्क्याहूनही कमी होता, आणि निकाल स्पष्ट व्हायला सुमारे तीन आठवडे लागले.

महाराष्ट्राच्या मतदाराला असा अनुभव नाही, कारण सगळ्या राज्याने मिळून एका माणसाला थेट मत द्यावे असे एकही पद आपल्याकडे नाही. विधानसभेचे २८८ मतदारसंघ वेगळे, आणि मुख्यमंत्री ठरतो तो आमदारांच्या बहुमताने. पण लहान प्रमाणावर ही कल्पना आपल्याला अनोळखी नाही. सरपंच आणि नगराध्यक्ष यांची निवड सदस्यांनी करायची की गावाने, यावर इतका खल झाला, थेट निवड आली, २०२०मध्ये गेली, २०२२मध्ये परत आली, की त्या वादाने एक तयार शब्दप्रयोग देऊन ठेवला आहे : ‘थेट जनतेतून’. तोच येथे उचलावा. ‘राज्यातील सर्व मतदारांतून थेट निवड’ या शब्दांत ‘स्टेटवाइड’चा पूर्ण अर्थ येतो आणि आईंना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

तेव्हा त्या कागदावर मी असे लिहिले असते : ‘ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील; राज्यातील सर्व मतदारांतून थेट निवड; मुदत चार वर्षे)’. मूळ नाव कायम ठेवावे, म्हणजे मूळ मतपत्रिकेवरचे नाव आणि घरचा कागद यांचा मेळ बसेल. आणि कंसात ‘सरकारी वकील’ हा घरोघरी कळणारा शब्द द्यावा. त्याच मतपत्रिकेवर पुढची ओळ ‘ऑडिटर जनरल’ची आहे. तेथे ‘महालेखापरीक्षक’ असे लिहिले असेल, तर तेही आताच बदलून घ्या. आपल्याकडे त्यांना राष्ट्रपती नेमतात, हे निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.