अंडपेशीची ‘वाढ’ आणि ‘पक्वता’

देवगडला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: अंडपेशीबद्दल लिहिताना ‘वाढ’ आणि ‘पक्वता’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

नाही चालणार. आणि हा फरक देवगडात तरी कुणाला फोडून सांगायला नको. आंबा झाडावर चौदा आणे तयार होतो, मग उतरवून अढीत घातला की पिकतो. कोवळा काढला तर अढीत नुसता सुरकुततो.

सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीचं बरंचसं असंच आहे. पुटिकेत, म्हणजे अंडाशयात तिच्याभोवती असलेल्या पिशवीत, ती मोठी होते, प्रथिनं साठवते. माणसात तिचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर होतो. ही वाढ. या सगळ्या काळात तिचं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) थांबलेलं असतं, तेही जन्माच्या आधीपासून. ते पुन्हा सुरू होतं, तिथून पक्वता. १९३५ साली पिंकस आणि एन्झमन या संशोधकांनी सशाच्या अंडपेशी पुटिकेतून बाहेर काढल्या, तर त्या आपणहून पक्व होऊ लागल्या! पुटिकाच त्यांना रोखून धरत होती. अपुरी वाढलेली पेशी मात्र बाहेर काढूनही ढिम्म राहते, कारण विभाजनाला लागणारी प्रथिनं तिच्यात पुरेशी साठलेली नसतात.

शरीरात ही अडवणूक पीतपिंडकारी संप्रेरक (एलएच) एकदम वाढलं की संपते. पेशीतलं सायक्लिक एएमपी हे विभाजन रोखणारं रसायन घटतं, सीडीके-१ आणि सायक्लिन बी ही विभाजन घडवणाऱ्या प्रथिनांची जोडी कामाला लागते, केंद्रकाचं आवरण विरतं. पुढे सायक्लिन बी मोडीत निघालं की पहिलं विभाजन पार पडतं आणि निम्मी गुणसूत्रं ध्रुवपिंड नावाच्या, बाजूला पडणाऱ्या चिमुकल्या पेशीत जातात. पण बहुतेक सस्तन प्राण्यांत दुसरं विभाजन मध्यावरच पुन्हा थांबतं. एमी-२ हे प्रथिन उरलेल्या सायक्लिन बीची मोडतोड शुक्रपेशी येईपर्यंत होऊ देत नाही. म्हणून ‘पक्व’चा अर्थ ‘विभाजन पूर्ण झालेली’ असा कृपा करून देऊ नका.

‘पिकलेली अंडपेशी’ही मी लिहिणार नाही. पिकलं पान म्हटलं की आपल्याला म्हातारपण दिसतं, आणि अंडपेशीचं वय हा वेगळाच विषय आहे. ‘परिपक्व’ चालेल, पण ‘पक्व’ पुरतं.

सोनोग्राफी करून आलेल्या बायका ‘अंडं अठराचं झालं’ म्हणतात, तेही वर्गात आवर्जून सांगा. ते १८ मिलिमीटर पुटिकेचे असतात. आतली अंडपेशी पक्व झाली का, हे त्या आकड्यावरून नक्की कळत नाही.