घरी मसाज करताना माझेच अंगठे दुखतात, काय चुकतंय?

तुम्ही सगळा जोर अंगठ्यांवर देताय. हात कोपरात फारसे न वाकवता तळवे टेकवा आणि शरीराचं वजन हळूहळू पुढे सोडा. दाब आपोआप येतो. तेल थेट पाठीवर ओतू नका, आधी तळहातांवर चोळून कोमट करा. सुरुवातीची पाच मिनिटं नुसतं कमरेपासून खांद्यांपर्यंत लांब, संथ हात फिरवा. घाई इथेच होते आणि स्नायू आखडलेलेच राहतात. मणक्याच्या हाडावर कधीच दाबू नका, त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर काम करा. समोरच्याने श्वास रोखला, तर दाब जास्त झालाय. आणि हो, ताप असेल किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल, तर मसाज नको, आधी डॉक्टरांना दाखवा.