बटण बंद होतं, तरी टीव्ही गेला

प्रश्न : परवा दुपारी वळवाचं वादळ आलं. मी गॅलरीत तारेवरचे कपडे ओढत होते, तेवढ्यात असा कडकडाट झाला की हातातली बादलीच सुटली. सासूबाई ओरडल्या, "आधी टीव्ही बंद कर!" मी धावत जाऊन बटण बंद केलं. तरी टीव्ही गेला, वायफायचा डबाही गेला. माझं काय चुकलं? सात वर्षांची लेक तर आता ढग दिसला तरी पलंगाखाली शिरते.

उत्तर : ताई, बटण बंद केलंत ते ठीकच, पण तेवढ्यानं भागत नाही. जी वीज ढगातून कित्येक किलोमीटर हवा फोडून खाली येते, तिला बटणातली दोन-चार मिलिमीटरची फट काय अडवणार? त्यात साधं बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडतं. न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी तार आणि अर्थिंग म्हणजे जमिनीत जाणारी तार, ही दोन्ही जोडलेलीच राहतात. शिवाय टीव्हीला केबलची वायर वेगळी येते, वायफायला इंटरनेटची. ती कुणी काढतं का? मी चाळीस वर्षं वायरमनकी केली, तरी घरचा एक टीव्ही असाच घालवलाय.

तेव्हा प्लग उपसायचा आणि मागची वायरही काढायची. पण हे गडगडाट सुरू होण्याआधी. डोक्यावर कडाडत असताना प्लगला हात लावायचा नाही. टीव्ही गेला तर गेला. गॅलरीतली लोखंडी तारही तशीच, कपडे भिजू द्या. नळाखाली भांडी नकोत, अंघोळ नको. मोबाइल वीज ओढत नाही. चार्जरला लावलेला मात्र हातात धरू नका.

लेकीला मोजायला शिकवा. वीज चमकली की एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. नऊ मोजून झाले, तर वीज तीन किलोमीटरवर. तीसच्या आत आवाज आला, की सगळ्यांनी घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. हे घड्याळ तिच्याकडेच द्या. सुरुवातीला पलंगाखालूनच मोजू दे.

आणि वायफायचा डबा टाकू नका. आधी दुसरा तसाच अडॅप्टर लावून बघा, कधीकधी तेवढाच जळालेला असतो.