ओसूच्या रस्त्यावर पहिल्यांदा जाताना

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

घानाची राजधानी अक्रा येथे वर्षभरासाठी तुझी नेमणूक झाल्याचे कळले. पहिल्याच शनिवारी कार्यालयातील मंडळी तुला ओसू भागातल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर घेऊन जातील, याविषयी मला शंका नाही, कारण मलाही असेच नेले होते. म्हणून आज त्या एकाच रस्त्याविषयी लिहितो.

कागदोपत्री हा कॅन्टोन्मेंट्स रोड. लंडनच्या बाजारपेठेवरून त्याला हे टोपणनाव पडले आणि बोलण्यात तेच रुळले. डांक्वा सर्कलपासून तो दक्षिणेला समुद्राच्या बाजूला जातो. दोन्ही अंगांना बँका, मोबाइलची दुकाने, कापडाची दालने, हॉटेले आणि तिथे ज्यांना ‘स्पॉट’ म्हणतात ते बार यांची दाटी आहे, आणि त्यांच्यासमोर पदपथावर दुसरा, अधिक बोलका बाजार भरतो.

माझा आग्रह असा की हा रस्ता पहिल्यांदा रात्री पाहू नकोस. दुपारी चारच्या सुमारास एकट्याने जा. अक्रा विषुववृत्ताच्या इतके जवळ आहे की बाराही महिने सहाच्या आसपास अंधारून येते, आणि तेथील गटारे बऱ्याच ठिकाणी उघडी असतात. ती कुठे आहेत हे उजेडात पाहून ठेवलेले बरे. शिवाय घानाने १९७४ साली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. आपल्या मानेला लहानपणापासून आधी उजवीकडे वळायची सवय असते. तिथे रस्ता ओलांडताना गाडी डावीकडून अंगावर येते. मी दोनदा थोडक्यात वाचलो आहे.

उजेड आहे तोवर खाली समुद्रापर्यंत चालत जा. तिथे ओसूचा किल्ला, म्हणजेच क्रिश्चन्सबोर्ग, उभा आहे. सतराव्या शतकात तो डेन्मार्कच्या लोकांनी बांधला, तेथून गुलामांची जहाजे गेली, आणि १८५० साली तो इंग्रजांना विकला गेला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांसाठी लढलेले निःशस्त्र माजी सैनिक आपल्या मागण्यांचा अर्ज घेऊन याच किल्ल्याकडे निघाले असताना त्यांच्यावर गोळीबार झाला आणि तिघे जण ठार झाले. त्यानंतर शहर पेटले आणि नऊ वर्षांनी देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे सरकार याच किल्ल्यातून चाले. आता ते ज्युबिली हाउसमध्ये आहे, आणि ती इमारत आपल्या मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने बांधलेली आहे. फोटो मात्र कुठल्याही सरकारी इमारतीचा विचारल्याशिवाय काढू नकोस.

आता खरेदीविषयी. आपण दुकानात शिरताच ‘केवढ्याला?’ असे विचारतो. तिथे हा उद्धटपणा ठरतो. आधी अभिवादन, मग विचारपूस, मग किंमत. ओसू हे मूळचे गा या स्थानिक समाजाच्या लोकांचे गाव आहे. ‘धन्यवाद’ म्हणायला सगळे परके घानातल्या ट्वी भाषेतले ‘मेदासे’ शिकतात; तू गा भाषेतले ‘ओयिवालाडोन’ शिकून घे. उच्चार चुकला तरी समोरची बाई हसते आणि तेथून पुढचा भाव वेगळा निघतो. पैसे देणे-घेणे उजव्या हाताने करावे, हे तुला आजीने शिकवलेच असेल. तेथील आज्याही तेच शिकवतात. भाव करताना ‘प्लीज, रिड्यूस’ एवढे पुरते, आवाज चढवायचा नाही. पैसे फोनवरून ‘मोमो’ने दिले जातात, हा मोबाइल मनीचा मोमो, खाण्याचा नव्हे.

एका गोष्टीत मी फसलो. एका तरुणाने हसतमुखाने माझे नाव विचारले, गावाची चौकशी केली, क्रिकेटवर बोलला. तेवढ्या वेळात त्याच्या मित्राच्या बोटांमध्ये रंगीत दोऱ्याचा गोफ विणला जात होता आणि पाहतो तो त्यात माझ्या नावाची चार अक्षरे उमटलेली. आता हे दुसऱ्या कोणाला विकणार, असे म्हटल्यावर मला पाकीट काढावेच लागले. तुला तसे कोणी विचारले तर हसून बोल, मात्र नाव सांगू नकोस.

केंते हे तिथले पारंपरिक कापड घ्यायचे असेल, तर पैठणीचा पदर उलटून पाहतो तसे कापड उलटून पाहा. खऱ्या केंतेत हातमागावर विणलेल्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी शिवलेल्या असतात आणि त्यांचे जोड बोटाला लागतात. छापील नकलेची मागची बाजू फिकी निघते. नक्कल घेण्यात गैर काही नाही, मात्र तिला खऱ्याची किंमत देऊ नकोस.

रात्री जाशील तेव्हा सोबत कोणीतरी असू दे आणि फोन खिशात ठेव. क्लबांचे मला फारसे कळत नाही. पण अंधार पडला की कढई मांडणाऱ्या बायका शोध. पिकलेल्या राजेळी केळ्यासारख्या प्लँटेनचे तुकडे आले-मिरची लावून त्या तळतात; त्याला केलेवेले म्हणतात आणि ते कागदात भाजक्या शेंगदाण्यांसह मिळते. आधी गोड लागते, मग घशाशी तिखट येते. मे-जूनच्या सुमारास गेलास आणि रस्ता गप्प वाटला, तर बुचकळ्यात पडू नकोस: गा लोकांच्या होमोवो सणापूर्वी सुमारे महिनाभर ढोल आणि मोठा आवाज यांवर बंदी असते, आणि ती बारनाही लागू होते.

यलो फीव्हरची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घे. लस घेतल्याचे पिवळे कार्ड घानात उतरताना लागतेच, आणि परत येताना मुंबईच्या विमानतळावरही मागतात. नसले तर विलगीकरणात ठेवतात. म्हणून ते पासपोर्टात रबर लावून ठेव.

तुझा शुभचिंतक