जळगावहून ऑक्टोबरमध्ये दोन दिवस कुठे जावं: तोरणमाळ की पाटणादेवी?

दोनच दिवस असतील तर पाटणादेवी. तोरणमाळला एक मुक्काम वाढवता येणार असेल तरच जा. मी चाळीसगावचा, त्यामुळे थोडा पक्षपात धराच, पण हिशेब सोपा आहे. जळगावहून रेल्वेने चाळीसगाव, पुढे रस्त्याने साधारण 18 किलोमीटर. तोरणमाळला शहाद्यापर्यंतच निम्मा दिवस जातो आणि मग सातपुड्याचा घाट. यशवंत तलाव, सीताखाईची दरी घाईघाईत बघण्यासारखी नाहीच.

पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं. पाऊस सरल्यावर डोंगर हिरवेगार असतात, केदारकुंडाच्या धबधब्याला बहुधा पाणीही असतं. चंडिकादेवीचं जुनं मंदिर आहेच. शिवाय भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला यादवकालीन शिलालेख याच पाटणचा. दुसऱ्या दिवशी कन्नड घाट चढून पितळखोरा लेणी करा. पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळीच उतरा.

फक्त नवरात्र टाळा. तेव्हा देवीला इतकी गर्दी असते की जंगल बाजूलाच राहतं. दसरा झाला की दिवाळीच्या आत उरकून घ्या, आणि डबा घरूनच न्या.